आतून झिजलेले टायर

१

टायरच्या आतल्या कडेतून तार बाहेर आली होती. घड्याळवाल्यांनी बोट दाखवलं तरी मला ती आधी दिसली नाही, कारण बाहेरून तो टायर कालच आणल्यासारखा वाटत होता. मग मिस्त्रींनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, चाक वळलं आणि आतली बाजू उजेडात आली. नक्षी पार पुसली गेली होती. रबर कागदासारखं पातळ झालं होतं आणि त्यातून बारीक तारा चमकत होत्या. दुसऱ्या पुढच्या चाकाची तीच गत.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. माणसांचे चेहरे आता माझ्या डोळ्यांसमोर नीट येत नाहीत, पण तो टायर काढायला सांगितला तर आजही काढून दाखवीन.

आमचं गॅरेज एकाच कामासाठी ओळखलं जायचं. गाड्यांची चाकं सरळ करायची, म्हणजे व्हील अलाइनमेंट. माझ्या यजमानांनी ते सुरू केलं, मिस्त्री त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि वरच्या मजल्यावर संसार करता करता मी जॉब कार्डं लिहायला लागले. पुढे दोरी आणि गेज घेऊन मापंही घ्यायला लागले. त्या वर्षी यजमानांना जाऊन अकरा महिने झाले होते. मूलबाळ नव्हतं. सकाळी खाली मिस्त्रींचा पहिला पाना वाजला की दिवस सुरू झाला असं मला वाटायचं, आणि रविवारी तो वाजायचा नाही तेव्हा मी उगाच रेडिओ लावून बसायची.

हा रविवारच होता. मिस्त्री अवजारं पुसायला म्हणून आले होते, म्हणून बरं. घड्याळवाल्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे आमच्या उताराच्या आवारात गाडी नाकासमोर सरळ उभी केली, मागच्या चाकाला दगड लावला आणि खिशातून छोटी वही काढली.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी पाच नवे टायर घेतले होते. चार चाकांना, पाचवा स्टेपनीला. ते आमच्याकडेच बसवले होते आणि अलाइनमेंटही आम्हीच केली होती. गाडी ते फक्त रविवारी काढत. अकरा किलोमीटरवरच्या गावात मनोऱ्याचं घड्याळ होतं, त्याला किल्ली द्यायला जायचे आणि परत यायचे. अठरा रविवार, प्रत्येकी बावीस किलोमीटर, एकूण तीनशे शहाण्णव. मीटरही तेच दाखवत होता. दर रविवारचा आकडा वहीत होता.

"चारशे किलोमीटरात टायर मरत नाही, बाई," ते शांतपणे म्हणाले. "हे माझे टायरच नव्हेत. बसवताना कोणीतरी माझे नवे ठेवून घेतले आणि हे घासलेले लावले. गाडीला हात एकाच माणसाचा लागला होता."

त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलंसुद्धा नाही. शनिवारपर्यंत टायर परत आले नाहीत तर तक्रार करणार होते. गाडी आमच्याकडे ठेवायलाही तयार नव्हते. तपासायची तर त्यांच्या घरी येऊन तपासा म्हणाले आणि तशीच, तारा निघालेल्या टायरवर, हळूहळू घेऊन गेले.

मिस्त्रींनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग पान्यांची पेटी बंद केली, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"सव्वीस वर्षं झाली, वहिनी. चोर म्हणवून घेऊन पाना धरता येणार नाही मला. शनिवारपर्यंत वाट बघतो. नाहीतर लेकीकडे जाईन, ती कधीची बोलावतेय."

२

सोमवारी खाली काहीच वाजलं नाही. मिस्त्री आले, स्टुलावर बसले. मी जॉब कार्डांचा गठ्ठा काढला.

यजमानांची एक सवय होती. नव्या टायरच्या कडेवर कोरलेला कारखान्याचा क्रमांक ते कार्डावर उतरवून घ्यायचे. गिऱ्हाईक हसायचं. टायरची जन्मपत्रिका करताय का, म्हणायचं. यजमान गेल्यावरही मी ते सोडलं नव्हतं, कारण ते सोडलं असतं तर त्यांचं काय उरलं असतं खाली? घड्याळवाल्यांच्या कार्डावर माझ्या अक्षरात पाच क्रमांक होते.

आदल्या दिवशी चाक वळवलं तेव्हा मी दोन्ही पुढच्या टायरचे क्रमांक सवयीनं पाटीवर लिहून ठेवले होते. मी ते कार्डाशी जुळवून पाहिले आणि पाटी मिस्त्रींपुढे धरली.

टायर तेच होते. बदललेले नव्हते.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, पण अर्धीच. "म्हणजे चोर नाही ठरलो. मग आता म्हणतील, अलाइनमेंट अशी वाकडी केली की चारशे किलोमीटरात टायर खाल्ले. चोर नाही तर अडाणी. फरक काय पडला?"

तेही खरंच होतं. आणि चारशे किलोमीटरात असं होतं का, हे मी त्यांना विचारलं. चाकं कितीही तिरपी असली तरी नाही होत, म्हणाले. तीन हजार तरी लागतील.

मग ते तीन हजार किलोमीटर गेले कुठे?

३

मंगळवारी दुपारी आम्ही घड्याळवाल्यांच्या घरी गेलो. अवजाराला हात लावणार नाही, डोळे तेवढे आणतो, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. म्हणून पोर्चमध्ये गाडीखाली मी शिरले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, साडी खोचून.

घड्याळवाले दुकानातून मुद्दाम तासभर आले होते. दहा वाजता पायी जायचे आणि सात वाजता पायी यायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. घरात त्यांची मोठी बहीण होती, तिला सगळे ताई म्हणत. वरच्या खोलीत एक भाडेकरू होता, औषधाचे नमुने घेऊन फिरणारा. त्याला गल्लीत बॅगवाले म्हणायचे. घड्याळवाल्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली, त्यानंतर त्या घरात बोलणं कमी होत होत संपलं होतं. उघड्या खिडकीतून फक्त टिकटिक ऐकू येत होती, पन्नासेक घड्याळांची, प्रत्येकाची वेगळी.

मी पहिल्यांदा पिवळी रेघ शोधली. स्टिअरिंगपासून चाकांकडे दोन दांडे जातात. ते लांब-आखूड करून चाकं सरळ करतात आणि मग नट आवळतात. आमच्याकडे काम झालं की त्या नटावर आडवी पिवळ्या रंगाची रेघ मारायची पद्धत. नट हलला तर रेघ तुटते. दोन्हीकडची रेघ जशीच्या तशी होती.

पण त्यातला एक दांडा वाकलेला होता. आणि त्याच बाजूच्या चाकाच्या लोखंडी कडेवर एक खोक पडली होती. कशावर तरी जोरात आपटल्याची.

"आमचं काम सरळच होतं," मी खालूनच म्हटलं. "गाडी कुठेतरी आपटलीय. दांडा वाकला, चाकांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. अशी चाकं पुढे जाताना सारखी बाजूला घासत राहतात आणि टायर आतून खातात."

घड्याळवाले म्हणाले, गाडी आपटलेली नाही. त्यांच्या हातून तरी नाही. मात्र त्यांनी वही उघडली. अकराव्या रविवारी त्यांनी लिहिलं होतं: स्टिअरिंग बारावरून अकरावर आलं आहे. म्हणजे गाडी सरळ न्यायला स्टिअरिंग जरा वाकडं धरावं लागत होतं. सात रविवार त्यांनी ते तसंच धरलं.

मी विचारलं, आणलं का नाही? ते म्हणाले, आठवड्याला बावीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं त्यानं काय बिघडणार.

मी मागच्या टायरची नक्षी गेजनं मोजली. मग डिकीतल्या स्टेपनीची. स्टेपनीवर नव्या रबराचे केस अजून उभे होते. मागचे टायर तिच्यापेक्षा दीड मिलिमीटर झिजले होते, अगदी सारखे. मागच्या चाकांना वाकड्या दांड्याशी काही घेणंदेणं नसतं, ती फक्त अंतर मोजतात. मिस्त्रींनी आकडा ऐकला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सात हजार. साडेसात म्हणा."

शेवटी मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. मीटरला चाकाच्या फिरण्याची खबर एक केबल देते, ती मीटरच्या पाठीमागे बोटभर नटानं बसवलेली असते. तिथे सगळ्यावर बोटभर धूळ होती. फक्त तो नट लख्ख होता. रोज हाताळलेल्या दाराच्या कडीसारखा.

मी बाहेर आले, कंबर धरून उभी राहिले, आणि तेव्हा पहिल्यांदा गाडीकडे लांबून पाहिलं. पुढची दोन्ही चाकं भिंतीच्या बाजूला वळवून ठेवलेली होती.

रविवारी गाडी कोणी लावली, असं मी घड्याळवाल्यांना विचारलं. मीच, म्हणाले, नेहमीसारखी सरळ. त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही.

म्हणजे सोमवारी, तारा बाहेर आलेल्या त्या टायरवर, कोणीतरी पुन्हा गेलं होतं.

४

घड्याळवाल्यांचा संशय आता आपोआप वरच्या खोलीकडे वळला. बॅगवाल्यांचं पोट फिरण्यावर होतं आणि त्यांना गाडी चालवता येत होती. पोर्चचं दार रात्रंदिवस उघडं.

बॅगवाले खाली आले ते घाबरूनच. उंच, काटकुळा माणूस, दार आलं की आधी मान वाकवायची सवय. मी त्यांना म्हटलं, जरा स्टिअरिंगवर बसता का, मला दिवे बघायचेत. त्यांनी एक पाय आत घातला, मग दुसरा घालून पाहिला, मग गुडघे स्टिअरिंगला अडकले आणि हॉर्न वाजला. सीट मागे सरकवायला गेले तर ती सरकेना. खालची पट्टी गंजून एकाच खाचेत बसली होती, घड्याळवाल्यांच्या उंचीला. मिस्त्रींना दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. बॅगवाल्यांना बाहेर काढायला दोघं लागले.

"मला सोडा हो," ते गुडघा चोळत म्हणाले, "मला एसटीत उभं राहिलेलं परवडतं."

तर मग घड्याळवाल्यांच्या उंचीचं कोण होतं?

ताई चहा घेऊन आल्या. भावापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, पन्नाशीला आलेल्या, भावाइतक्याच ठेंगण्या. मी त्यांना विचारलं, दुपारी गाडीचा आवाज कधी ऐकलात का. त्या म्हणाल्या, दुपारी झोपते मी. आणि गाडी येते का? "मला कुठली येतेय. मी तर कधी स्टिअरिंगला हात नाही लावला."

कप घेताना मी त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि तीस वर्षांपूर्वीची एक सकाळ माझ्यासमोर उभी राहिली.

माझं नवीन लग्न झालेलं. यजमान तेव्हा सकाळी लोकांना गाडी शिकवायचे. मी वरच्या खिडकीत उभी राहून पाहायची. दोन वेण्या घातलेली एक मुलगी तीन आठवडे रोज यायची, आणि माझा जीव नुसता जळायचा. मग तिच्या वडिलांना कळलं आणि ती यायची बंद झाली. त्या रात्री जेवताना यजमान म्हणाले होते, हात फार हलका होता तिचा, थांबवायला नको होतं. मी तोंड फिरवून भात वाढला होता.

आमच्या आवाराला उतार. म्हणून यजमान शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायचे, गाडी थांबली की चाकं भिंतीकडे वळवून ठेवा, ब्रेक सुटला तरी ती भिंतीला टेकेल, माणसावर जाणार नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस सपाटीवरसुद्धा चाकं वळवल्याशिवाय उतरायचा नाही. घड्याळवाले दुसरीकडे शिकले होते. ते दगड लावायचे.

मी चहा पिऊन निघाले. रस्त्यात मिस्त्रींनी विचारलं, कळलं ना तुम्हाला? मी म्हटलं, कळलंय, पण उद्या दुपारपर्यंत गप्प राहा. आणि रात्रभर माझ्या मनात एकच होतं, की आम्ही गेल्यावर ती पुन्हा निघाली असेल, तर त्या टायरनं तिला परत आणलं असेल ना.

५

बुधवारी एक वाजता मी त्यांच्या फाटकात उभी राहिले. पोर्चमध्ये ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या, डॅशबोर्डखाली हात घालून नट सैल करत होत्या. बोटांकडे न पाहता, वेणी घालावी तशा.

मला पाहून त्यांनी हात काढून घेतला नाही. सुरू केलेलं पुरं केलं, मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या.

"ओळखलंत का मला?" त्यांनी विचारलं.

"दोन वेण्या होत्या तेव्हा."

"तुम्ही खिडकीत असायचात. मी भ्यायची तुम्हाला."

मी शेजारचं दार उघडलं आणि त्यांच्या बाजूला बसले. सीट नवीकोरी, ताठ होती. त्यांनी मला सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी भावजय गेल्यावर एका दुपारी त्यांनी किल्ली घेतली. हातांना सगळं आठवत होतं. तेव्हापासून सोमवार ते शनिवार, दुपारी. पेट्रोल भाऊ जिथे काटा ठेवायचा तिथवर पुन्हा भरायच्या. नवे टायर आले त्याला अकरा आठवडे झाले नाहीत तो तीसेक किलोमीटरवरच्या तलावाच्या बांधावर एक कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवताना चाक कठड्याच्या दगडावर गेलं.

"दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग वाकडं लागलं. वाटलं, रविवारी त्याला कळेल आणि तो विचारेल. मी वाट बघत होते. सात रविवार."

"तेही बोलले नाहीत."

"नाही. रात्री समोरासमोर बसून जेवतो आम्ही."

मी त्यांना टायरची आतली बाजू दाखवली. ती त्यांनी पाहिलीच नव्हती. रविवारी भाऊ गॅरेजमध्ये जाऊन आला हे माहीत होतं, मंगळवारी आम्ही गाडी तपासली तेही पाहिलं होतं. पण तार बाहेर आलीय, हे घरात कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी एका तारेला बोटाचं टोक लावून पाहिलं.

मिस्त्री शनिवारी निघून जातील, हे मी त्यांना सांगितलं. ते गेले की माझं गॅरेज बंद, हेही.  ताईंनी किल्ली काढून माझ्या हातात दिली.

६

शनिवारी घड्याळवाले बरोबर दहाला आले, वही घेऊन. टायर धोक्याचे आहेत असा त्यांना निरोप देऊन गाडी मी बुधवारीच ओढून आणवली होती. मिस्त्री स्टुलावर, आणि दाराशी ताई. त्यांना पाहून घड्याळवाल्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

मी क्रमानं सांगत गेले. क्रमांक जुळतात, म्हणून चोरी नाही. पिवळी रेघ शाबूत आहे, म्हणून आमचं काम चुकलेलं नाही. दांडा आपटून वाकलाय. मागचे टायर साडेसात हजार किलोमीटर सांगतात आणि तुमची वही तीनशे शहाण्णव. केबलचा नट लख्ख आहे, म्हणजे उरलेले किलोमीटर रोज मीटर सोडवून झालेत. सीट एकाच खाचेत गंजलीय, म्हणून चालवणारा तुमच्या उंचीचा. आणि गाडी थांबल्यावर तो चाकं भिंतीकडे वळवतो, म्हणून तो या आवारात शिकलेला.

घड्याळवाल्यांना अजूनही कळलं नव्हतं. माणूस इतका जवळ असला की दिसत नाही.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," ताई म्हणाल्या.

 मग घड्याळवाल्यांनी, रागानं नव्हे, खरंच कळेना म्हणून विचारलं, "कुठे जायचीस?"

"कुठेच नाही. बांधापर्यंत. तिथे गाडी वळवायची आणि परत यायचं."

"रोज?"

"घरात पन्नास घड्याळं आहेत," ताई म्हणाल्या. "दिवसभर सगळी बोलतात."

घड्याळवाल्यांनी वही उघडली, आणि काही न वाचता मिटली. मग उठून मिस्त्रींसमोर गेले आणि हात जोडले. चुकलो, म्हणाले. मिस्त्रींना काय करावं कळेना, त्यांनी स्टूल पुढे केलं. त्यावर बसून घड्याळवाल्यांनी शाळकरी मुलासारखं विचारलं, चाकं जराशी तिरपी असली तर गाडीचं खरंच एवढं बिघडतं का.

"आधी टायर जातात," मिस्त्री म्हणाले. "मग बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग. पेट्रोल जास्त पितं. पण ते सगळं बदलता येतं. वाईट हे की हाताला सवय लागते, साहेब. वाकडं धरायचं, आणि तेच सरळ वाटायला लागतं."

मी पेटीची किल्ली मिस्त्रींपुढे ठेवली. त्यांनी ती उचलली.

घड्याळवाले ताईंना घेऊन पायी घरी गेले. गाडीची किल्ली परत न्यायला मात्र सोमवारी ताई एकट्या आल्या. त्यानं पाठवलं, म्हणाल्या. वही माझ्या टेबलावरच राहिली होती. मी दोनदा निरोप धाडला. ती न्यायला कोणी आलं नाही.

७

दोन वर्षांनी ती गाडी पुन्हा आमच्याकडे आली. पुढचे टायर कडेपासून कडेपर्यंत सारखे झिजले होते. मिस्त्रींनी त्यावर पंजा फिरवला आणि खूश झाले.

मी सवयीनं आत डोकावले. ड्रायव्हरची सीट खोलगट झाली होती, कडेची शिलाई उसवली होती. शेजारची सीट तशीच होती, ताठ आणि नवीकोरी, मी त्या बुधवारी बसले होते तशी.

म्हणजे भावानं किल्ली दिली होती, वही सोडली होती, बाकी काही नाही. त्याच्या परीनं ते पुष्कळच होतं. मी कार्ड लिहिलं, क्रमांक उतरवले आणि गाडी पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी मिस्त्रींना म्हटलं, तासा-दोन तासांत येते. कुठे, असं त्यांनी विचारलं नाही. मी बांधाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. ऊन होतं. यजमान गेल्यापासून मी कोणाची अशी वाट पाहिली नव्हती, त्यामुळे पदर कुठे धरावा तेही सुचेना. लांबून गाडी येताना दिसली, सरळ, इकडे-तिकडे न होता. माझ्यापाशी ती हळू झाली. ताईंनी काच खाली केली, काही विचारलं नाही, हात लांबवून शेजारचं दार आतून उघडलं.

आता ताई नाहीत, मिस्त्री नाहीत, गॅरेजच्या जागी कपड्यांचं दुकान आहे. ती गाडी भंगारात गेली तेव्हा मी बघायला गेले होते. भंगारवाला म्हणाला, दोन्ही सीट पार बसल्यात, आजी, काही उपयोगाच्या नाहीत.

शेजारची सीट मी बसवली होती. एकोणीस वर्षं लागली.